घरच्या घरी ध्वनिमुद्रण: नवख्या की-बोर्डवादकाने काय घ्यावे आणि कोणत्या क्रमाने

हार्मोनियमवर हात बसलेला विद्यार्थी किंवा भजनी मंडळात साथ करणारा वादक घरीच ध्वनिमुद्रण करायचे ठरवतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो मायक्रोफोन घेण्याचा. मग मायक्रोफोन, हेडफोन, इंटरफेस (बाहेरचा आवाज संगणकात नेणारी डबी) आणि वायरी एकाच खोक्यात देणारा ‘स्टुडिओ पॅक’ मागवला जातो आणि महिन्याभराने लक्षात येते की, की-बोर्डाचा आवाज त्या मायक्रोफोनमधून घ्यायचाच नव्हता. की-बोर्डाचा आवाज आत विद्युत् संकेताच्या रूपातच तयार होतो आणि तो वायरीने थेट संगणकात नेता येतो. गणेशोत्सवाच्या आधी ढोलपथकांचा सराव जिथे संध्याकाळभर घुमत असतो आणि पंचवटीसारख्या भागात पहाटेपासून घंटा नि स्पीकर सुरू असतात, त्या नाशिकसारख्या शहरात ही सोय फार मोलाची आहे, कारण वायरीतून जाणाऱ्या आवाजात खिडकीबाहेरचे काहीही मिसळत नाही.

म्हणून या लेखात खरेदीचा क्रम आवाजाच्या प्रवासाप्रमाणे लावला आहे: आधी पट्ट्या, मग ऐकण्याचे साधन, मग वायर आणि इंटरफेस, मग संगणकातले सॉफ्टवेअर, आणि मायक्रोफोन सर्वांत शेवटी. हातातली वस्तू पुरती वापरून तिची उणीव स्वतःच्या कानाला जाणवल्याशिवाय पुढची वस्तू घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: आपल्याला काय वाजवायचे आहे ते ठरवणे

दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे की येत्या वर्षभरात आपण प्रामुख्याने काय वाजवणार आहोत. भावगीते, अभंग आणि सिनेगीतांची साथ करायची असेल, तर ६१ पट्ट्यांचा, म्हणजे पाच सप्तकांचा की-बोर्ड पुरतो. साडेतीन सप्तकांच्या हार्मोनियमवरून येणाऱ्याला तर तो ऐसपैसच वाटतो. पाश्चात्त्य पियानो शिकायचा असेल, तर मात्र ८८ पट्ट्यांचा आणि वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानोच घ्यावा, कारण हलक्या पट्ट्यांवर तयार झालेली बोटे पुढे खऱ्या पियानोवर लवकर थकतात. रोलँडचा एफपी-१० किंवा यामाहाचा पी-१४५ हे या वर्गातले सुरुवातीचे पियानो आहेत. त्यांत ताल आणि भारतीय वाद्यांचे आवाज मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. ते काम यामाहाचा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन यांसारखे खास भारतीय बाजारासाठी केलेले की-बोर्ड करतात.

तिसरा प्रकार मिडी कंट्रोलरचा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो फक्त कोणती पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली एवढेच संगणकाला सांगतो. तो स्वस्त असतो, म्हणून नवखे त्याच्याकडे वळतात. पण वीज गेली, लॅपटॉप बिघडला किंवा मंदिरात अचानक साथीला बोलावणे आले, तर त्यातून एकही सूर निघत नाही. ज्याच्याकडे दुसरे वाद्य नाही त्याने पहिली खरेदी कंट्रोलरची करू नये.

दुसरी पायरी: दुकानातली परीक्षा

नाशिकमध्ये जे मॉडेल प्रत्यक्ष वाजवायला मिळेल ते आधी इथेच वाजवून पाहावे. इथे ठेवलेले नसेल, तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन संध्याकाळी परतता येते. १८६५ पासूनचे फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान धोबी तलाव परिसरात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याइतके जवळ आहे. ऑनलाइन किंमत शे-पाचशेने कमी दिसली, तरी न वाजवलेला की-बोर्ड मागवू नये. पट्टीचा दाब चित्रातून कळत नाही.

दुकानात स्वतःचे वायरीचे हेडफोन न्यावेत, कारण दुकानाच्या गजबजाटात की-बोर्डाच्या छोट्या स्पीकरवरून काही ठरवणे कठीण असते. पियानोचा आवाज लावून मधल्या सप्तकातली एकच पट्टी दहा वेळा दाबावी, पहिल्यांदा अगदी हळू आणि दर वेळी थोडी अधिक जोरात. आवाज पायरीपायरीने वाढत गेला पाहिजे. तो हळू आणि जोरात अशा दोनच अवस्थांत उडी मारत असेल, तर त्या वाद्यावर भावपूर्ण वाजवणे शक्य नाही. मग सस्टेन पेडल (पट्टी सोडल्यावरही सूर लांबवणारे पायाचे पेडल) दाबून दोन्ही हातांनी खालून वरपर्यंत स्वर वाजवत जावे. एका वेळी किती स्वर जिवंत राहतात या आकड्याला पॉलिफनी म्हणतात; सुरुवातीच्या की-बोर्डांत तो बहुधा ३२ ते ६४ असतो, आणि आकडा कमी पडला की आधीचे स्वर मध्येच तुटतात. ताल चालू असताना ही परीक्षा पुन्हा करावी, कारण तालातली वाद्येही त्याच आकड्यातून आपला वाटा घेतात.

भारतीय संगीत वाजवणाऱ्याने पिच बेंडचे चाक आहे की नाही हे अवश्य पाहावे. बासरी किंवा सारंगीच्या आवाजावर मींड घ्यायची तर हे चाक हवेच. एरवी स्वर तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतात. चाक सहसा दोन अर्धस्वरांपर्यंत वाकते, आणि बऱ्याच वाद्यांत ही मर्यादा बदलता येते. ती कशी बदलायची हे दुकानातच विचारून घ्यावे.

ट्रान्सपोज आणि ट्यूनिंग ही दोन वेगळी बटणे आहेत, याची गल्लत फार होते. गायिका काळी पाचमध्ये गाते आणि आपली बोटे पांढरी एकवर बसली आहेत, तर ट्रान्सपोज उणे २ करावा. सूर दोन अर्धस्वरांनी उतरून बरोबर काळी पाचवर येतो. ट्यूनिंग मात्र त्याहून सूक्ष्म असते. की-बोर्ड ४४० हर्ट्झच्या धैवताला, म्हणजे पांढरी सहाला, जुळवलेला असतो. मंडळातली जुनी पेटी मात्र त्याहून किंचित चढी किंवा उतरी असू शकते. अशा पेटीबरोबर वाजवताना ट्यूनिंग थोडे थोडे सरकवून दोन्ही वाद्यांवर एकच स्वर लांबवावा, आणि आवाजातली ‘वाँव-वाँव’ अशी लहर थांबली की तिथेच थांबावे.

जुना की-बोर्ड विकत घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक पट्टी वेगवेगळी वाजवून पाहावी. पट्टीखालची रबराची पट्टी झिजली किंवा तिच्यात धूळ गेली, की एखादा स्वर मुका होतो किंवा हळू दाबूनही जोरात वाजतो. हा दोष दुरुस्त होतो. डिस्प्ले गेलेला असेल तर मात्र तो व्यवहार सोडून द्यावा.

नवीन घेताना बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि अ‍ॅडॅप्टर त्या मॉडेलसाठी सांगितलेलाच आहे याची खात्री करावी. निरनिराळ्या कंपन्यांचे व्होल्टेज वेगळे असते आणि पिनच्या आतली धन-ऋण बाजूही उलटी असू शकते. घरातला दुसऱ्या यंत्राचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावणे हा वाद्य जाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. पेडलचेही असेच आहे: पाय काढल्यावर सूर लांबत असेल आणि दाबल्यावर तुटत असेल, तर पेडल बिघडलेले नसते, त्याची धन-ऋण जोडणी उलटी असते. अशा वेळी की-बोर्ड बंद करून, पेडलवर पाय न ठेवता पुन्हा सुरू करावा. अनेक वाद्ये सुरू होतानाच पेडलची जोडणी ओळखतात.

नवीन संगीत: पुस्तके आणि नोटेशन

वाद्याबरोबरच वाजवायचे साहित्यही घ्यावे लागते आणि इथे नवख्यांची वेगळीच अडचण होते. हिंदुस्थानी संगीताची पुस्तके दोन लेखनपद्धतींत मिळतात. एक भातखंडे पद्धती आणि दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची, ज्यांच्या आयुष्याचा उत्तरकाळ आपल्या पंचवटीत गेला. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो, तर पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तकाचा असतो आणि तार सप्तकासाठी उभी रेषा देतात. पुस्तकाच्या आरंभी दिलेली चिन्हांची यादी न वाचता वाजवायला बसले, तर अख्खी बंदिश दोन सप्तके इकडेतिकडे होऊ शकते. एका पुस्तकात एकच पद्धत आहे ना, हे चाळून पाहूनच ते विकत घ्यावे.

ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या परीक्षा देणाऱ्यांनी पुस्तकावरचे अभ्यासक्रमाचे वर्ष पाहावे, आणि ‘पियानो’ व ‘इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड’ हे दोन निराळे विषय आहेत हे लक्षात ठेवावे. बाख, बीथोव्हेन यांच्या जुन्या रचना आयएमएसएलपी या २००६ साली सुरू झालेल्या ऑनलाइन संग्रहात विनामूल्य मिळतात. आपल्याकडे मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणून आवडत्या भावगीताची धून स्वतः वाजवून प्रसिद्ध करण्यापूर्वी तिच्या हक्कांचा विचार करावाच लागतो.

तिसरी पायरी: कान, म्हणजे हेडफोन

स्पीकरच्या आधी हेडफोन घ्यावेत, आणि ते वायरीचे, कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले असावेत. ब्लूटूथ हेडफोनवर पट्टी दाबल्यापासून स्वर ऐकू येईपर्यंत सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ जाऊ शकतो. ऐकायला ही फट क्षुल्लक वाटते, पण द्रुत तीनतालात तेवढ्यात पुढची मात्रा अर्धी होऊन गेलेली असते. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम मालिकेतले हेडफोन घरगुती मुद्रणासाठी बरेच जण वापरतात. त्यातला सर्वांत साधाही सुरुवातीला पुरतो. ‘एक्स्ट्रा बास’ असे लिहिलेले टाळावेत, कारण त्यांत डाव्या हाताचे स्वर मुळात आहेत त्याहून भरदार वाटतात, आणि आपण मुद्रणात ते कमी करून बसतो.

मॉनिटर स्पीकर, म्हणजे मुद्रण तपासून ऐकण्याचे स्पीकर, पुढे घ्यायचे झाल्यास दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि उंच सुरांचा छोटा स्पीकर कानाच्या पातळीत यावा, एवढे पुरे. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत सतरंजी, जाड पडदा आणि पुस्तकांचे कपाट यांनीच निम्मा घुमारा जातो.

चौथी पायरी: वायर आणि इंटरफेस

ही पायरी मी सविस्तर सांगतो, कारण माझे पहिले महिने इथेच वाया गेले. की-बोर्डातून संगणकाकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी जाऊ शकतात. एक मिडी, जो १९८३ पासूनचा संकेत आहे आणि ज्यात आवाज नसतोच, फक्त पट्टीचा क्रमांक, वेळ आणि ० ते १२७ या आकड्यांत मोजलेला जोर असतो. दुसरा प्रत्यक्ष ध्वनी. मागच्या चौकोनी यूएसबी छिद्रातून बहुतेक की-बोर्ड फक्त मिडी पाठवतात, त्यामुळे यूएसबी वायर जोडून आवाज का येत नाही म्हणून वैतागण्यात अर्थ नाही. यामाहाच्या पीएसआर-ई३७३सारखे काही की-बोर्ड मात्र त्याच वायरीतून ध्वनीही पाठवतात. असे वाद्य घेतले असेल, तर सुरुवातीला इंटरफेसची गरजच नाही. माहितीपुस्तिकेत ‘यूएसबी ऑडिओ’ हे शब्द आहेत का, एवढे पाहावे.

नसतील तर इंटरफेस लागतो. की-बोर्डवादकाने घेताना दोन लाइन इनपुट (वाद्याची वायर घेणारी छिद्रे) असलेलाच घ्यावा, कारण वाद्याचा आवाज डावा आणि उजवा असा दुहेरी असतो. फोकसराइटचा स्कार्लेट २आय२ हे या प्रकाराचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण आहे. गायक-गिटारवादकांसाठी बनवलेल्या काही छोट्या इंटरफेसांत एक मायक्रोफोनचे आणि एकच लाइन इनपुट असते. स्वस्त म्हणून तो घेतला, तर स्टिरिओ पियानो कायम एका कानाचा राहतो.

आता वायर. मागे ‘एल/मोनो’ आणि ‘आर’ अशी दोन मोठी छिद्रे असतील, तर ६.३५ मिलिमीटरच्या मोनो पिनच्या दोन वायरी घ्याव्यात. आपल्याकडचे साउंडवाले या पिनेला पी-३८ म्हणतात. दुकानात तसेच मागितले की लगेच मिळते. लांबी ३ मीटरच्या आसपास ठेवावी, कारण अशा वायरी लांबल्या की गुणगुण पकडतात.

पण पुष्कळ साध्या की-बोर्डांना हेडफोनचे एकच छिद्र असते आणि तिथे माझ्यासारखी चूक सहज होते. मी हेडफोनच्या छिद्रातून दोन्ही टोकांना स्टिरिओ पिन असलेली वायर काढली आणि ती इंटरफेसच्या एका इनपुटमध्ये बसवली. पिन घट्ट बसली, दिवा हिरवा झाला, मुद्रणही झाले. ऐकले तर पियानो विहिरीच्या तळाशी वाजवल्यासारखा पोकळ येत होता आणि बेस जवळजवळ नाहीसा झाला होता. तीन संध्याकाळी मी सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत होतो. कारण साधे होते: इंटरफेसचे ते इनपुट संतुलित प्रकारचे असते, ते पिनेच्या टोकावरचा आणि मधल्या कड्यावरचा संकेत एकमेकांतून वजा करते. हेडफोनच्या पिनेत टोकावर डावा आणि कड्यावर उजवा आवाज असतो. तेव्हा दोन्हींत समान असलेले सगळे, म्हणजे मधोमध ऐकू येणारा गाभाच, वजाबाकीत निघून गेला. उपाय म्हणजे एका टोकाला एक स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वाय आकाराची वायर. ती घेऊन दोन पिना दोन इनपुटमध्ये बसवल्या की पियानो पूर्ववत होतो.

जोडल्यावर इनपुट ‘लाइन’वर ठेवावे, ‘इन्स्ट्रुमेंट’ हे गिटारसाठी असते. ४८ व्होल्टचे बटण बंदच राहू द्यावे, ते कंडेन्सर मायक्रोफोनसाठी आहे. की-बोर्डाचा आवाज साधारण तीन-चतुर्थांश ठेवून सर्वांत जोराचा भाग वाजवावा आणि इंटरफेसचे गेन, म्हणजे आत येणारा आवाज कमी-जास्त करणारे बटण, असे लावावे की सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. शून्याला टेकलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

लॅपटॉपचा चार्जर लावताच ‘हूँ’ असा घुमणारा आवाज येऊ लागला, तर चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे. की-बोर्ड, लॅपटॉप आणि स्पीकर एकाच अर्थिंग असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्याने तो बहुतेक वेळा जातो. काही जण अशा वेळी तीन पिनच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते जिवावर बेतू शकते, मुळीच करू नये. आवाज हटलाच नाही, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांची थेट विद्युत् जोडणी तोडून फक्त आवाज पुढे नेणारी डबी, लावावा. महावितरणचा पुरवठा पावसाळ्यात झटके देतो, म्हणून पाऊस गडगडू लागला की सर्व वायरी भिंतीतून काढून ठेवाव्यात.

पाचवी पायरी: सॉफ्टवेअर आणि पहिले मुद्रण

अ‍ॅपलच्या संगणकावर गॅरेजबँड विनामूल्य मिळते आणि सुरुवातीला त्याहून अधिक काही लागत नाही. विंडोजवर रीपर घ्यावे. ते ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते आणि जुन्या लॅपटॉपवरही नीट चालते. ऑडॅसिटी विनामूल्य आहे, पण त्यात मिडी मुद्रित होत नाही. चोरीच्या प्रती घेऊ नयेत. त्यांच्याबरोबर व्हायरस येतात आणि एखाद्या दिवशी वर्षभराचे काम उघडेनासे होते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने पोचवणारे छोटे सॉफ्टवेअर) बसवणे आवश्यक आहे, तो नसला की पट्टी आणि स्वर यांत फट पडते. बफर, म्हणजे संगणक आवाजाचा जेवढा तुकडा एका वेळी हाताळतो तो, २५६ नमुन्यांवर ठेवला, तर ४४.१ किलोहर्ट्झला तो सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा होतो, आणि हात सहज सांभाळतो. आवाजात टिकटिक आली तर बफर वाढवावा.

प्रकल्प २४ बिटचा ठेवावा. व्हिडिओसाठी वाजवणार असाल तर ४८ किलोहर्ट्झ, नुसत्या ध्वनीसाठी ४४.१ पुरे. मग दोन ट्रॅक तयार करावेत, एक वायरीतून येणाऱ्या ध्वनीचा आणि एक यूएसबीतून येणाऱ्या मिडीचा, आणि दोन्ही एकाच वेळी मुद्रित करावेत. ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावतो. एखादा स्वर चुकला, तर ध्वनीत तो दुरुस्त होत नाही. मिडीत मात्र तो एकच स्वर सरकवून तो तुकडा की-बोर्डाकडून पुन्हा वाजवून घेता येतो. वाजवण्यापूर्वी लय ठरवून मेट्रोनोम लावावा, कारण मागाहून तबल्याचा लूप जोडायचा झाला तर ठरलेल्या लयीशिवाय तो बसत नाही. एका पट्टीला दोनदा आवाज येऊ लागला, तर सॉफ्टवेअर तोच स्वर की-बोर्डाकडे परत पाठवत असते. ट्रॅकचे मॉनिटरिंग (येणारा स्वर लगेच परत ऐकवण्याची सोय) किंवा की-बोर्डातले ‘लोकल कंट्रोल’ (पट्टी दाबताच वाद्याने स्वतः वाजण्याची सोय) यांपैकी एक बंद करावे.

मायक्रोफोन केव्हा

स्वतः गाणार असाल किंवा तबलावादक घरी येणार असेल, तेव्हा. आपल्या घरांसाठी मी शूर एसएम५८सारखा डायनॅमिक मायक्रोफोन सुचवतो, कारण तो तोंडाजवळचे घेतो आणि लांबचे कमी पकडतो. कंडेन्सर मायक्रोफोन शेजारच्या कुकरची शिट्टीही प्रामाणिकपणे टिपतो. एप्रिलमध्येही मुद्रणापुरता पंखा बंद करावा लागतो, त्यामुळे पहाटेची वेळ धरावी. पावसाळ्यात मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावा.

पहिले मुद्रण झाले की ते हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास गाडीत असे तीन ठिकाणी ऐकावे आणि प्रत्येक ठिकाणी काय हरवले ते वहीत लिहावे. दुकानाची पुढची खेप त्या वहीवरून करावी. फाइलच्या नावात तारीख, राग किंवा गाण्याचे नाव, स्केल आणि लय लिहावी, उदाहरणार्थ ‘यमन, काळी एक, ९०’, आणि प्रकल्पाचे संपूर्ण फोल्डर त्याच रात्री लॅपटॉपबाहेरच्या एका डिस्कवर उतरवून ठेवावे.